भंगारातून आलेले बोलगाणे

"जालन्यात रॅप हा प्रकार प्रथम आणला तो आमच्या सत्कारमूर्तींनी. महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुण्याहून अमेरिकन कॅसेटी मिळवल्या, त्यांचा अभ्यास केला आणि भट्टीवरच्या कामगाराचे ते गाजलेले बोलगाणे स्वतः रचून स्नेहसंमेलनात सादर केले. तोपर्यंत जिल्ह्यात असे काही कोणी ऐकलेही नव्हते."

जिल्ह्यातील कलावंतांच्या सत्कारानिमित्त त्यांच्यावर एक पुस्तक निघत आहे. वरचा मजकूर त्याच्या कच्च्या छपाईतला आहे. या तीन वाक्यांत संपूर्ण खरे असे एकही नाही. सत्कारमूर्ती महाविद्यालयात शिकत होते, एवढा तुकडा मला मान्य आहे, आणि तोही मी हजेरीपट न पाहता मान्य करतो.

ते बोलगाणे ज्याने रचले तो भंगार निवडणारा मजूर होता. ते ज्या खोलीत ध्वनिमुद्रित झाले ती खोली माझ्या दुकानाची होती. त्या वेळी आत आम्ही दोघेच होतो. पुस्तक असेच छापले गेले, तर त्याचे नाव या गाण्यावरून कायमचे जाईल, कारण छापलेल्या गोष्टीशी पुढे कोणी भांडत बसत नाही. म्हणून मी आत्ता भांडतो आहे. माझे वय झाले आहे हे मला अलीकडे फार जण सांगतात. वय पायांचे झाले आहे. कानांनी मला अजून तरी तसे कळवलेले नाही.

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, एक्याऐंशीत, मी शहरात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान टाकले. पुढे दुरुस्तीपेक्षा कॅसेटी भरून देण्याचे काम वाढले. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणी आणि मी ती गाणी त्याच क्रमाने कोऱ्या कॅसेटवर उतरवून देई. आपल्याकडच्या स्वस्त कोऱ्या कॅसेटी त्या काळी फार वाईट येत. दोन-चार महिन्यांत त्या चिवचिवू लागत आणि गिऱ्हाईक मला दोष देई. चांगली टेप मिळवणे ही माझी रोजची विवंचना होती. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की परदेशी बोलगाणी माझ्या दुकानात कलाप्रेमामुळे आली नाहीत. ती कोऱ्या टेपच्या टंचाईमुळे आली.

नव्वदीच्या दशकात जालन्यातल्या लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या आणि त्यांच्यासाठी बंदरातून परदेशी भंगार येऊ लागले. त्यात मोडीत निघालेल्या मोटारी असत, चेपून त्यांचे ठोकळे केलेले असत. एके दिवशी दुपारी तिशीचा एक माणूस दुकानात आला. त्याच्या दोन-तीन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. परतूरकडचा होता, पॅसेंजरने जाऊन-येऊन एका कारखान्यात भंगार निवडण्याचे काम करी. त्याने पिशवी काउंटरवर उपडी केली. दहा-बारा कॅसेटी पडल्या.

"भाऊ, ह्या चालत्यात का?"

"कुठून आणल्यास?"

"अमेरिकेहून." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "काल आल्त्या. गाडीसकट."

मोटारींच्या दारांच्या कप्प्यांत, सीटच्या सांदीत या कॅसेटी राहून गेलेल्या असत. बहुतेक चिरडलेल्या निघत, एखादी शाबूत. वरचे कागद फाटलेले, तेलाने भिजलेले. नाव वाचता येईल अशी क्वचितच. पण आतली टेप उत्तम. मी त्याच्याशी सौदा केला. त्याने मला अशा कॅसेटी द्यायच्या आणि मी त्याला त्याच्या गावच्या गायन पार्टीसाठी जयंतीची गाणी भरून द्यायची. त्याचे वडील त्या पार्टीत पुढचे गायक होते. मुलाला वडिलांच्या मागे उभे राहून ध्रुवपद उचलण्याची सवय होती आणि स्वतःची ओळ कुठे सुरू करायची, हे ज्ञान त्याला तिथूनच मिळालेले होते. पुण्याहून मिळालेले नव्हते.

परदेशी कॅसेट पुसण्यासाठी तिच्या पाठीवरची दोन भोके कागदाच्या बोळ्याने बुजवावी लागत, वर चिकटपट्टी लावावी लागे, मगच यंत्र तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण करू देई. माझा एक नियम होता. पुसण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा ऐकायची, गाण्यासाठी म्हणून नव्हे, टेप कुठे चुरगळली आहे ते कळावे म्हणून. त्या पिशवीतली पहिली कॅसेट लावली आणि मी यंत्र बंद केले. सूर नव्हता. मला वाटले टेप वाचणाऱ्या हेडवर मळ बसला आहे. स्पिरिटने हेड पुसून पुन्हा लावली. पुन्हा तेच. तबल्याच्या जागी कोणी तरी पत्र्यावर ठोकते आहे आणि त्यावर एक माणूस दम न घेता बोलतो आहे.

निवडणारा तोवर समोर उभाच होता. म्हणाला, "भाऊ, मशिनीला काही झालं न्हाई. हा माणूस भांडून राह्यला."

"कुणाशी?"

"मालकाशी आसंल. बायकोशी येवढा येळ कुणी बोलू देत न्हाई."

रॅप हा शब्द आमच्या दुकानात फार नंतर आला. आम्ही त्याला बोलगाणे म्हणू लागलो आणि मी अजूनही तेच म्हणतो.

सगळ्या कॅसेटी मी पुसल्या नाहीत. काही ठेवल्या, आणि फळीवर त्यांची संख्या हळूहळू वाढत गेली. नावे नसल्यामुळे आम्ही आमची नावे दिली. एकाचा श्वास प्रत्येक ओळीच्या शेवटी ऐकू येई, तो दमेकरी. एक जण आधी प्रश्न विचारी आणि मग स्वतःच उत्तर देई, तो वकील. एक बाई होती. नळावर कोणी मध्ये हंडा घातला म्हणजे जसा आवाज लागतो तसा तिचा आवाज कायम लागलेला असे. ती नळावरची बाई. आणि एक जण ठोका पडून गेल्यावर किंचित उशिराने बोले. वाटे की आता हा चुकला, आणि तो चुकत नसे. त्याला आम्ही उशिरा येणारा म्हणत होतो. त्याची एकच कॅसेट आली, अर्धी जळालेली. इतक्या वर्षांत त्याच्या तोडीचा मी ऐकलेला नाही.

माझी सून शिक्षिका आहे. तिने मागे मोबाइलवर त्या दशकातल्या थोर बोलगाणेवाल्यांची यादी शोधली आणि मला एकेकाचा नमुना ऐकवला. दमेकरी ओळखू आला, बाई ओळखू आली. वकील नाही, आणि उशिरा येणाराही नाही. यादीतले लोक वाईट होते असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी ती यादी केली त्यांनी चित्रे पाहून, नावे वाचून ऐकले. आम्ही नुसते ऐकले. कोण किती पाण्यात आहे, याचा निवाडा ज्यांच्या कॅसेटींचे कागद फाटले होते त्यांच्या बाबतीत अधिक स्वच्छ झाला, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मोठे कंठ यादीबाहेर राहतात. तिकडेही राहिले, इकडेही राहत आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

भंगार निवडण्याचे काम बाहेरच्याला क्षुल्लक वाटते. त्यात सगळ्यात महत्त्वाचे असते ते भट्टीत जाऊ नये ते आधी बाजूला काढणे. पोटात हवा किंवा पाणी कोंडलेली वस्तू वितळलेल्या लोखंडात पडली, तर ती फुटते आणि भोवतालची माणसे भाजतात. नव्या मजुरांना हे शिकवण्याचे काम याच्याकडे होते. अंगणात क्रेनचा, ठोकाठोकीचा इतका आवाज असे की समजावून सांगितलेले वाक्य कोणाला ऐकू जात नसे. म्हणून हा सळईने पिंपावर ठोका धरी आणि ठोक्यावर शब्द टाकी. ठोका कानात राहिला की शब्दही राहतो, असे तो म्हणे. अशा तऱ्हेने त्याचे तुकडे अंगणात आधीच तयार होते.

एका कॅसेटच्या पहिल्या बाजूला वकील बोलत होता आणि दुसऱ्या बाजूला तोच ठोका होता, पण बोलणे अजिबात नव्हते.

"भाऊ, हा माणूस ह्या बाजूला गप का बसला?"

"ती बाजू मोकळी ठेवतात."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? ठेवतात."

"मोकळी जागा कुणी उगं ठेवीत न्हाई, भाऊ. मंग मी बसतो तिथं."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ते केले. दुपारची वेळ होती. मी शटर अर्धे ओढले, रिक्षांचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून दाराला गोधडी लावली आणि पंखा बंद केला. तो मोकळा ठोका त्याच्या शब्दांना पुरणारा नव्हता, म्हणून मी तो दोनदा उतरवून घेतला आणि सांधा कळू नये असा जोडला. हे काम मी चांगले केले होते, आणि सत्कारमूर्तींच्या पुस्तकात त्याचाही उल्लेख नाही. पण तो माझा वैयक्तिक प्रश्न आहे. माइक पाहून तो घाबरला. हात मागे बांधून उभा राहिला, जणू शाळेत. तीनदा अडखळला. चौथ्यांदा मी त्याला म्हणालो, "माइककडे बघू नकोस. समोर नवा मजूर उभा आहे असं समज."

"तुम्हीच उभे राहा मंग. तुम्हाला भंगारातलं काही कळत न्हाई."

मी समोर उभा राहिलो. त्याने सुरुवात केली:

ढीग आला, ढीग आला, बंदरातनं आला,
कुणाची तरी लाडकी गाडी, तिचा ठोकळा झाला.
चुंबक उचलतं सारं, चुंबकाला डोळं न्हाई,
डोळं माझं, हात माझं, माझ्याबिगर भट्टी न्हाई.

पुढे बरेच होते. तो ठोक्याच्या मागून येत होता, किंचित उशिराने, त्या अर्ध्या जळालेल्या कॅसेटवरच्या माणसासारखा, आणि तरीही त्यातला एकही शब्द परतूरच्या बाहेरचा नव्हता. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याने हे केलेच नसणार, असे परवा मला एका विद्वानाने सुनावले. इंग्रजी येत नव्हते म्हणूनच त्याने शब्दांची नक्कल केली नाही. ज्यांना येत होते त्यांनी काय केले, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे.

त्या मूळ कॅसेटवरून मी दुकानासाठी एक प्रत काढली आणि मूळ कॅसेट कपाटात ठेवली. दुकानात मधूनमधून ती प्रत वाजे. सत्कारमूर्ती तेव्हा चित्रपटाची गाणी भरून घ्यायला येत. एकदा त्यांनी ऐकले.

"काका, हे कोण आहे?"

"आहे एक भंगार निवडणारा."

"एक नंबर आहे, काका. मला एक कॉपी द्या."

त्यांनी एवढेच विचारले आणि मी एवढेच सांगितले. नाव त्यांनी विचारले नाही, आणि मीही ते आपण होऊन सांगितले नाही. हा माझा दोष आहे आणि तो मी दुसऱ्या कोणाला घेऊ देणार नाही.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला ध्वनिवर्धक माझा होता. मी रंगमंचाच्या कडेला अॅम्प्लिफायरजवळ बसलो होतो. सत्कारमूर्ती उलटी टोपी आणि काळा चष्मा घालून आले. निवेदिकेने सांगितले, "आता सादर होत आहे एक स्वरचित रचना." आणि त्यांनी निवडणाऱ्याचे बोलगाणे सुरू केले. हात हवेत उडवीत, अगदी ठोक्यावर, कुठेही उशीर न करता. पोरांनी बाके वाजवली. माझा हात बटणापाशी होता. मी आवाज बंद करू शकत होतो. केला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरे दुकानात त्याच कॅसेटची मागणी करू लागली आणि मी दुकानातल्या प्रतीवरून प्रती काढून त्या विकू लागलो. कागदावर नुसते "बोलगाणे" लिहीत होतो. कोणाचे, ते लिहिले नाही. पुढे सर्वांनी धरून चालले की ज्याने रंगमंचावर म्हटले त्याचेच असणार.

निवडणाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो हसला.

"उलटी टोपी घालून म्हणला? आमच्याकडं उलटी टोपी घातली तर ठिणगी डोळ्यात जाती. त्याला म्हणावं, नीट घाल."

"तुला राग येत नाही?"

"राग येऊन काय करू, भाऊ? पोरं ऐकून राह्यली ना? ऐकू द्या."

पुढच्या लग्नसराईत कोऱ्या कॅसेटींची टंचाई झाली. अंबड तालुक्यातले एक पाहुणे हळदीची गाणी भरून घ्यायला दुकानात बसूनच राहिले, उठेनात. मी कपाटातली ती मूळ कॅसेट काढली, प्रत आहे असा विचार केला, आणि पुसली. ही चूक कॅसेटी भरणारा माणूसच करू शकतो. आम्हाला टेप मौल्यवान वाटे, तिच्यावरचा आवाज परत मिळेल असे वाटे. निवडणाऱ्याला सांगताना मला जड गेले. तो म्हणाला, "पुसली तर पुसली. मला पाठ हाय." त्यानंतर सीडी आल्या, मग मोबाइल आले, मी दुकान बंद केले, आणि हा विषय माझ्यापुरता संपला होता.

तो पुन्हा निघाला या पुस्तकामुळे. कच्ची छपाई माझ्या सुनेच्या शाळेत आली होती. तिने ते पान मला वाचून दाखवले आणि मी दुसऱ्याच दिवशी पुस्तकाच्या समितीला पत्र लिहिले. समितीने मला एका सकाळी महाविद्यालयाच्या सभागृहात बोलावले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, सौम्य बोलणारे. सत्कारमूर्ती त्यांच्या शेजारी. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत. टोपी सरळ होती.

अध्यक्ष म्हणाले, "काका, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण काही पुरावा?"

"मी समोर उभा होतो."

"कागद? मूळ कॅसेट?"

"मूळ कॅसेट मी पुसली."

सभागृहात कोणी तरी हसले. सत्कारमूर्ती उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका आमचे पहिले श्रोते आहेत," ते सर्वांना म्हणाले. "त्यांच्याच दुकानात मी बसत असे. त्या काळातले सगळे आता त्यांच्या मनात मिसळून गेले आहे. वयानुसार होते."

"मी श्रोता नव्हतो," मी म्हणालो. "दुकानदार होतो. आणि तुम्ही बसत नव्हता. कॅसेट घेऊन जात होता."

"बरं काका. तसं."

एका सदस्याने केबलचा विषय काढला. जालन्यात परदेशी संगीत केबलवरून आले, भंगारातून नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला विचारले, "तुमच्या घरी केबल कधी आली?" त्याने सांगितले. मी म्हणालो, "त्याआधी माझी फळी भरली होती." तो म्हणाला, "हे तुमचं म्हणणं झालं." खरेच होते. माझ्याजवळ म्हणणेच होते, दुसरे काही नव्हते.

मग अध्यक्षांनी सत्कारमूर्तींना ते बोलगाणे म्हणून दाखवण्याची विनंती केली. त्यांनी टेबलावर बोटांनी ठोका धरला आणि म्हटले. ढीग, बंदर, चुंबक, सगळे तसेच. शेवटी ते एकदम थांबले. हात वर, तोंड किंचित उघडे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष मला म्हणाले, "पाहिलंत? हा जो अचानक केलेला शेवट आहे, तीच त्यांची शैली. एका निवडणाऱ्याला हे सुचेल का?" मी घरी आलो. पराभव झाला होता आणि मला तो मान्य नव्हता.

जेवताना माझ्या लक्षात आले की मला काही तरी खुपते आहे. तो शेवट मला ओळखीचा वाटत नव्हता. मी ते बोलगाणे पूर्ण ऐकले होते ते एकदाच, त्याच्यासमोर उभे राहून. प्रती काढताना यंत्र आपोआप चाले आणि मी तोवर दुसऱ्याचा रेडिओ उघडून बसलेला असे. दुकानातली प्रत शेवटपर्यंत मी कधी कान देऊन ऐकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने परतूरला गेलो.

निवडणारा स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटला. आता तो काम करत नाही. त्याचे एक बोट वाकत नाही, मुलगा भट्टीवर जातो.

"भाऊ, एवढ्या उन्हाचं आलात?"

"तुझं बोलगाणं म्हणून दाखव."

"आता? हितं? लोक म्हणतील म्हातारा येडा झाला."

"म्हणू देत. मलाही तेच म्हणतात."

त्याने चहाचा ग्लास बाकावर ठोकला आणि सुरू केले. आवाज घोगरा झाला आहे, पण तो अजून उशिरानेच येतो. चुंबकानंतर त्याने पुढची ओळ म्हटली, जी सत्कारमूर्तीही म्हणतात, "ढिगातनं काढा सात चिजा, मंगच पेटू द्या भट्टी." आणि तो मोजू लागला. पहिली, तोंड बंद सिलिंडर. दुसरी, गाडीचा शॉकअप. तिसरी, दोन्हीकडनं चेपलेला पाइप. चौथी, झाकण लागलेला डबा. इथे मी हात वर केला, कारण आदल्या दिवशी इथेच टाळ्या झाल्या होत्या. तो थांबला नाही. पाचवी, बॅटरी. सहावी, पाणी साठलेलं भांडं. सातवी, जी वळखू येत न्हाई ती. तिला हात लावायचा न्हाई, मुकादमाला बोलवायचं.

मी विचारले, "सातच? पहिल्यापासून?"

"भाऊ, भट्टी काय कमीजास्त करती का? बराबर सात."

"तो चार सांगतो आणि थांबतो."

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग उरलेल्या तीन भट्टीत गेल्या की."

"पुस्तकात तसंच छापणार आहेत. चारच."

"आमचं पोरगं तिथं हाय, भाऊ. नवी पोरं रोज येऊन राह्यली. कुणी वाचलं, पाठ केलं, तर? आजपोतर मी नाव मागितलं न्हाई. आता मागतो. पुरं छापा अन् खाली माझं नाव घाला. म्हणजे कुणाला शंका आली, तर इचारायला कुठं यायचं ते तरी कळंल."

परत आल्यावर मी पत्र्याची पेटी उघडली. दुकानातली ती प्रत तीत होती; दुकान बंद करताना टाकलेली, समितीसमोर ती मला आठवलीच नव्हती. आमच्याकडे आलेल्या परदेशी कॅसेटींत काही आखूड टेपच्या असत, एका बाजूला एकच गाणे मावेल एवढ्या. चित्रपटाच्या गाण्यांना त्या निरुपयोगी, म्हणून दुकानाची प्रत मी अशाच एका कॅसेटवर काढली होती. सत्कारमूर्तींची प्रत तिच्यावरून काढलेली, आणि नंतर विकलेल्या सगळ्याही. सुनेने कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर आणला आणि मी ती लावून प्रथमच शेवटपर्यंत ऐकली.

समितीला आता माझे म्हणणे नको असेल, तर नसो. त्यांनी ही कॅसेट लावून पाहावी. गाण्यात सात चिजा म्हटल्या आहेत, सत्कारमूर्तींना चार येतात, आणि माझ्या कॅसेटची टेप चौथ्या चिजेवर संपते.